वजा चौदा, दोनदा

कारखान्यात त्याला सगळे मायक्रॉन म्हणत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी मोजली तर साठ-सत्तर मायक्रॉन भरते. हे नाव त्याच्या अंगकाठीवरून पडलं की कामावरून, यावर दोन मतं होती. शर्ट त्याच्या अंगावर घातल्यासारखा दिसत नसे, खुंटीला अडकवल्यासारखा दिसे. त्याच्या स्वतःच्या मते नाव कामावरून पडलं होतं. पण त्याचं मत विचारायला कोणी गेलं नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी तो हाताने चाक फिरवायच्या लेथवर लागला. अकरा वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आलं, आख्ख्या खोलीएवढ्या खोक्यातून. जुनी मंडळी त्याच्याभोवती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे सगळं आपलं आपण करणार, मग आपण काय करायचं? वारा घालायचा?" असं एक जण म्हणाला आणि सगळे हसले. मायक्रॉन हसला नाही. मशीनबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक तो घरी घेऊन गेला आणि पंधरा दिवस उशाशी ठेवून वाचलं. बायको म्हणाली, "लग्नात एवढं माझ्याकडे बघितलं असतंत, तर बरं झालं असतं."

तेव्हापासून ते मशीन त्याचं. दार उघडायचं, लोखंडी दांडा पकडीत बसवायचा, दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं. सहा मिनिटं आत पांढुरक्या पाण्याच्या फवाऱ्यात दांडा गरगर फिरतो, कापला जातो, आणि चकचकीत शाफ्ट होऊन बाहेर येतो. बघणाऱ्याला वाटतं, बटण दाबायचं काम, त्यात काय मोठंसं! पण मशीन फार आज्ञाधारक असतं. सांगितलं तेवढंच करतं. सांगणाऱ्याचं चुकलं, तर चूकसुद्धा अगदी बिनचूक करतं.

आणि सांगावं तर लागतंच. दांडा कापणारी जी छोटी टीप असते, ती झिजते. नवी बसवली की किंचित पुढे नाहीतर मागे बसते. मशीनला त्याचा पत्ता नसतो. माणसाने पीस मोजायचा आणि पडद्यावर आकडा टाकायचा: चौदा मायक्रॉन जास्त येतोय, चौदा कमी कर. या सांगण्याला ऑफसेट म्हणतात. या शाफ्टला दहा मायक्रॉन इकडे, दहा तिकडे अशी मोकळीक होती. त्यापेक्षा जाड राहिला तर परत चढवून कापता येतो. बारीक झाला, तर भंगार. कापलेलं लोखंड गोंदाने चिकटत नाही.

मशीनची सकाळची पाळी मायक्रॉनची आणि रात्रीची त्याच्या साडूची. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आठ वर्षांपूर्वी मायक्रॉननेच शब्द टाकून त्याला इथे चिकटवलं होतं. गडी हाताला जलद, तोंडाला त्याहून जलद, आणि कागदाच्या बाबतीत आळशी. दोघांचं बरं चाललं होतं. मग साडूने दोन खोल्यांचं घर घेतलं आणि ते बघायला थोरल्या साडूला बोलावलं. चहा आला. मायक्रॉनने चहा घ्यायच्या आधी स्वयंपाकघरातल्या नव्या फळीकडे पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं, आणि खिशातली स्टीलची पट्टी काढली.

"डावीकडे चार मिलिमीटर उतरलीय," तो म्हणाला.

"दादा, घर बघायला बोलावलंय," साडू म्हणाला. "इन्स्पेक्शनला नाही."

"मी आपलं सांगितलं. बरण्या घसरतील."

"घसरू द्या. माझ्या बरण्या आहेत."

हसण्यावारी जाण्यासारखी गोष्ट. पण सगळं सासर बसलेलं, आणि साडूने फळी स्वतःच्या हाताने ठोकलेली. त्या दिवसापासून बोलणं बंद. बहिणी-बहिणी रोज फोनवर तासभर बोलत. नवरे चार वर्षं एका मशीनवर काम करून एकमेकांशी बोलत नव्हते. साडू सातला पाच कमी असताना मागच्या दाराने निघे, मायक्रॉन सातला पाच कमी असतानाच पुढच्या दाराने आत येई.

मधला कारभार चिठ्ठीवर. मशीनच्या दारावर लोहचुंबकाखाली ती लावलेली असे. चिठ्ठीत 'तुम्ही'ही नसे आणि 'तू'ही नसे. सगळं 'करावे', 'तपासावे', 'तेल पाहावे'. सरकारी पाटीसारखं. कधी कधी मात्र लिहिणाऱ्याची जीभ सुटे. सोमवारच्या चिठ्ठीत शेवटी लिहिलं होतं: 'ऑफसेट बरोबर आहे. तरी पट्टी लावून खात्री करावी, सवय असते काहींना.'

मायक्रॉनला ते झोंबलं. मंगळवारी सकाळी त्याने दारावरची चिठ्ठी काढली, न वाचता चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात टाकली. टेबलावर दोन शाफ्ट वेगळे ठेवलेले दिसले. त्याने एक उचलून मायक्रोमीटरने मोजला. अधिक चौदा.

"बघा," तो मशीनला म्हणाला, "टाकून गेला तसंच."

त्याने दोन्ही शाफ्ट दुरुस्तीच्या लाल पेटीत टाकले, पडद्यावर वजा चौदा दिले, आणि समाधानाने पहिला दांडा चढवला.

इथे अजून एक गोष्ट सांगायला हवी. ती कारखान्यात फक्त त्यालाच माहीत होती. दर दहाव्या पीसला माप घेऊन चेकशीटवर आकडा लिहायचा, असा नियम होता. पहिली सात वर्षं मायक्रॉन मोजून लिहीत असे. त्याचे आकडे इतके सारखे येत, की मग तो आधी लिहून मग मोजायला लागला. लिहिलेलं चुकेना. मग नुसतं लिहायलाच लागला. सकाळी कामाला लागतानाच पूर्ण पाळीचा रकाना भरून टाकायचा. एकच आकडा सगळीकडे लिहिण्याइतका तो कच्चा नव्हता. अधिक दोन, अधिक तीन, वजा एक, अधिक दोन. टीप झिजेल तसा आकडा हळूच वर चढवायचा, मध्येच एक खाली. खोटं लिहायचं तेसुद्धा मायक्रॉनमध्ये. ही शीटं इतकी देखणी असत, की नव्या माणसांना नमुना म्हणून दाखवली जात. महिन्या-दोन महिन्यांत सेटरची जागा रिकामी होणार होती. सेटर म्हणजे जो चार मशीनं लावून देतो, स्वतः दांडे उचलत नाही. त्या जागेसाठी मायक्रॉनचं नाव वर गेलं होतं, आणि नावाबरोबर नमुन्याला शीटंही गेली होती.

बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास जोडणी विभागातून बोंब आली. शाफ्टवर बेअरिंग दाबून बसवायला प्रेस लागतो. आज ते अंगठीसारखं हाताने सरकून बसत होतं. क्वालिटीवाल्या बाई आपलं यंत्र घेऊन आल्या आणि दोन्ही पाळ्यांचे शाफ्ट एक एक करून मोजले. सेहेचाळीस बारीक निघाले. कोणाचे, ते सांगता येईना, कारण धुवायच्या टाकीतून निघताना दोन्ही पाळ्यांचे शाफ्ट एकाच जाळीत आले होते.

सुपरवायझरने दोन्ही शीटं शेजारी ठेवली. सकाळचं शीट म्हणजे मोत्याची माळ. रात्रीच्या शीटवर खाडाखोड, तेलाचा अंगठा, आणि खाली गिचमिड: 'टीप बदलली. दोन पीस +१४. −१४ दिले.' वेळ लिहिलेली नाही.

साडूला घरून बोलावून घेतलं. रात्रपाळी करून झोपलेला माणूस. शर्टाची बटणं एक घर खाली लागली होती.

"टीप कधी बदललीस?" सुपरवायझरने विचारलं.

"सकाळी. सहा चाळीसला."

"शीटवर वेळ कुठंय?"

"चिठ्ठीत लिहिली होती. दारावर लावली होती."

"चिठ्ठी कुठंय?"

साडूने मायक्रॉनकडे पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा सरळ तोंडाकडे. मायक्रॉन मशीनच्या काचेवरचं पाणी पुसत होता. चिठ्ठी कालच्या शर्टात होती आणि कालचा शर्ट घरी होता. तेवढं त्याला आठवलं. ती वाचली नव्हती हेही आठवलं. टेबलावर वेगळे ठेवलेले दोन शाफ्ट का वेगळे होते, हे त्याच क्षणी लख्ख कळलं. गणित सोपं होतं. साडूने वजा चौदा दिले, त्यावर आपणही वजा चौदा दिले. नवी टीप झिजली तसा दुपारपर्यंत आकडा जरा वर आला, म्हणून सेहेचाळीसवर निभावलं.

"मला नाही माहीत," तो म्हणाला.

"बघ," सुपरवायझर साडूला म्हणाला, "सकाळच्या शीटवर पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर आकडे आहेत. म्हणजे गडबड रात्रीच झाली. तू रात्री दोनला टीप बदललीस, हातचलाखी केलीस, आणि आता सकाळचं नाव सांगतोस. आज रात्रीपासून मशीनला हात लावायचा नाही. घासकामाच्या बाकावर बस. पुढचं वरून येईल."

घासकामाचं बाक म्हणजे शाफ्टच्या कडा कानशीने घासायच्या. पगार कमी, आणि तिथून परत मशीनवर गेलेला माणूस कोणी पाहिलेला नव्हता.

"साहेब, चिठ्ठी लावली होती," साडू परत म्हणाला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिसऱ्यापुढे आणखी काय बोलणार.

मायक्रॉन चार वाजता घरी आला. बायको घरी शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत कापडाच्या घड्या, मधोमध मशीन, आणि भिंतीला टेकून उभा इस्त्रीचा पाट. तिने काही न बोलता चहा ठेवला आणि कपाशेजारी एक चार घड्यांचा कागद.

"खिशात होता. धुवायला टाकणार होते."

"ठेव तिथे."

"भाऊजींचं अक्षर आहे."

"त्याला अक्षर म्हणतेस?"

"वाचता येतं की," बायको म्हणाली आणि तिने वाचलंच. "'सहा चाळीस. टीप बदलली. दोन पीस चौदा प्लस, टेबलावर वेगळे ठेवले आहेत. वजा चौदा दिले आहे. नंतर पीस काढला नाही, वेळ नव्हता. पहिला पीस तपासावा. परत देऊ नये.' काय देऊ नये?"

मायक्रॉन चहा पीत राहिला.

"धाकटीचा फोन आला होता," ती म्हणाली. "त्यांना मशीनवरून काढलं म्हणे."

"हं."

"तुम्ही दिलंत का ते?"

"काय?"

"जे देऊ नये म्हटलंय ते."

कप रिकामा झाला होता, तरी त्याने तो आणखी एकदा तोंडाला लावला.

"दिलं," तो म्हणाला.

"मग सांगा की तसं."

"सांगायला काय लागतंय? तेवढंच असतं तर सांगितलं असतं. पण शीटवर लिहिलंय, मी दर दहाव्या पीसला मोजलं. मोजलं असतं तर पहिल्या दहातच सापडलं असतं. म्हणजे मोजलं नाही. चार वर्षं मोजलं नाही. एक धागा ओढला की सगळी गोधडी उसवते. सेटरची जागा गेली, नाव गेलं, सगळं गेलं."

बायकोने सुईत दोरा ओवला. तिसऱ्या प्रयत्नात ओवला गेला.

"मला तुमचं मायक्रॉन-बियक्रॉन कळत नाही," ती म्हणाली. "माझ्या मापात एक बोट इकडेतिकडे चालतं, म्हणून तर लोकांना माझे कपडे घालता येतात. पण चुकीचं कापलं, तर मी गिऱ्हाइकाला 'तूच जाड झालीस' असं सांगत नाही."

आणि ती शिलाई मशीन चालवायला लागली. त्या आवाजात त्याने काही म्हटलं असतं, तरी कोणाला ऐकू गेलं असतं?

गुरुवारी तो साडेसहालाच गेला. सुपरवायझरची काचेची खोली. क्वालिटीवाल्या बाई कोपऱ्यात फायली लावत बसलेल्या. मायक्रॉनने चिठ्ठी टेबलावर ठेवली, घड्या उलगडून, चारी कोपरे दाबून सपाट केली.

सुपरवायझरने ती वाचली आणि दार लोटून घेतलं.

"कुठे मिळाली?"

"माझ्या खिशात."

"मग परत खिशात ठेव. नाहीतर फाड."

"शीट खोटं आहे," मायक्रॉन म्हणाला. "मंगळवारचं. मी मोजलं नव्हतं."

"फक्त मंगळवारचं?"

मायक्रॉनने नकारार्थी मान हलवली.

"तेच म्हणतो मी," सुपरवायझर आवाज खाली आणून म्हणाला. "ऐक. रात्रीचा एक माणूस चुकला, हे मी वर सांगू शकतो. ऐकून घेतील. पण सकाळचा सगळ्यात काटेकोर माणूस मनाने आकडे लिहितो, हे कोणत्या तोंडाने सांगू? तुझी शीटं मी गिऱ्हाइकाला नमुना म्हणून दाखवलीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझा साडू काय, सहा महिन्यांनी मी बघतो त्याचं."

"मूठ माझी आहे," मायक्रॉन म्हणाला, "पण आत तो अडकलाय."

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात याला."

"म्हणू दे."

तो कोपऱ्यात गेला आणि म्हणाला, "बाई, मंगळवारचं माझं शीट द्या."

बाईंनी सुपरवायझरकडे पाहिलं. सुपरवायझर खिडकीबाहेर बघत होता. खिडकीबाहेर भिंत होती. बाईंनी शीट काढून दिलं.

लिहिलेला आकडा बदलायचा तर त्यालाही नियम असतो. पांढरा रंग फासायचा नाही, गिरवायचं नाही. जुनं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, बाजूला कारण लिहायचं, सही आणि तारीख. मायक्रॉनने खिशातली स्टीलची पट्टी काढली.

"पट्टी कशाला?" बाई म्हणाल्या.

"रेघ वाकडी नको."

त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे आकडे एकेक करून खोडले. बाजूला लिहिलं: 'न मोजता लिहिले.' सही केली. मग म्हणाला, "मागची पानं काढा."

"किती मागची?"

"चार वर्षांची."

"अहो, ती खोडत बसलात तर इथेच रिटायर व्हाल. तारीख सांगा, कधीपासून."

तारीख त्याला पाठ होती. लबाडीची पहिली तारीख माणूस सहसा विसरत नाही. बाईंनी ती लाल शाईने फायलीच्या पाठीवर लिहिली, आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "आणि मी तुमची शीटं घेऊन नव्या पोरांपुढे व्याख्यानं देत होते." त्या रागावल्या होत्या की हसत होत्या, ते त्याला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. मायक्रॉनला पत्र मिळालं, त्यात दोन वाक्यं होती आणि दोन्ही वाईट होती. सेटरच्या जागेवरून त्याचं नाव निघालं. ती जागा बाहेरच्या एका माणसाला मिळाली, ज्याला कोणीच ओळखत नव्हतं, म्हणून कोणाला वाईट वाटलं नाही. गिऱ्हाइकाकडून दोघे जण आले, दोन दिवस फायली चाळल्या, तक्रारीचं लांबलचक पत्र देऊन गेले. कारखाना बंद झाला नाही. मायक्रॉनला मशीनवरून मात्र काढलं नाही, कारण सकाळी ते चालवायला दुसरं कोणी नव्हतं. एक महिना दर दहावा नाही, प्रत्येक पीस मोजायचा, असा हुकूम झाला. पहिल्याच दिवशी सत्तरचे अठ्ठावन्न पीस झाले. खरे आकडे त्याने बनवलेल्या आकड्यांइतके देखणे येत नव्हते. अधिक सहा, वजा दोन, मध्येच अधिक आठ. चार वर्षांत मशीन किती हललं होतं, हे त्याला आता कळत होतं. चहाच्या टेबलावर पोरं त्याला 'सेहेचाळीस' म्हणू लागली. तो ओ देत असे.

साडू मशीनवर परत आला. चिठ्ठ्या बंद झाल्या. नवा नियम निघाला: पाळी बदलताना दोघांनी मशीनपाशी उभं राहायचं, एक पीस मिळून काढायचा, दोघांनी मोजायचा, दोघांनी सही करायची.

पहिल्या दिवशी सातला पाच कमी असताना दोघेही मशीनच्या दाराशी उभे. आत सहा मिनिटं फवारा चालू. बोलायला सहा मिनिटं म्हणजे फार मोठा वेळ. साडूने पाण्याच्या टाकीत डोकावून पाहिलं. मायक्रॉनने घड्याळ पुसलं.

"पावणेपाचला पाण्याचा पंप कुरकुरला," शेवटी साडू म्हणाला. कोणाला, ते स्पष्ट नव्हतं.

"कुरकुरला की घरघरला?"

"कुरकुरला."

"मग जाळी साफ कर."

"केली."

"वरची की खालची?"

"दोन्ही, दादा. दोन्ही केल्या. पंपाच्या आईबापाची पण चौकशी केली."

दार उघडलं. साडूने शाफ्ट पुसून मोजला. "वजा चार."

मायक्रॉनने मोजला. परत मोजला. "वजा पाच."

"चार आहे."

"तू सैल धरतोस. मायक्रोमीटर आहे तो, बांगडी नाही."

"मी सैल धरतो? तुम्ही शाफ्ट घामेजल्या हाताने धरलाय. गरम झाला असेल."

"गरम झाला तर आकडा वाढेल. कमी कसा होईल? शाळेत गेला होतास ना?"

"आणा इकडे."

साडूने मोजला. मायक्रॉनने मोजला. बोलावून घेतलेल्या बाईंनी दुसऱ्या मायक्रोमीटरने मोजला आणि काहीही न सांगता निघून गेल्या. दहा मिनिटं झाली. मशीन उभंच. काचेच्या खोलीतून सुपरवायझर तणतणत आला.

"मशीन बंद का?"

"मोजतोय," दोघे एकदमच म्हणाले, आणि साडूने हात परत मायक्रोमीटरकडे नेला.